किरणोत्सारी दगडाची पारख



किरणोत्सारी खनिजे ओळखावी कशी, आणि ती हाती आलीच तर सुरक्षितपणे गोळा करावी कशी, हा आजचा विषय. याचा गोवंडीच्या माणसाला उपयोग काय, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. शंका रास्त आहे. म्हणून आरंभीच तिचे उत्तर देतो.

गोवंडीच्या आग्नेयेला ट्रॉम्बेचा डोंगर आहे; जुनी माणसे त्या गावाला तुर्भे म्हणत. त्या डोंगराच्या आश्रयाने १९५४ साली अणुशक्ती संशोधनाची संस्था उभी राहू लागली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही आपल्या देशातील पहिली अणुभट्टी तेथे सुरू झाली, आणि जानेवारी १९६७ मध्ये त्या संस्थेला डॉ. होमी भाभांचे नाव मिळाले. हा आपला एक शेजारी. दुसरा शेजारी म्हणजे गोवंडी, मानखुर्द, कुर्ला या पट्ट्यातील भंगाराचा धंदा. पहिल्याजवळ किरणांचा कण न् कण मोजणारी यंत्रे आहेत. दुसऱ्याजवळ हातोडी आहे, लोहचुंबक आहे आणि वर्षानुवर्षे माल हाताळून कमावलेली पारख आहे. पहिल्याच्या मालाविषयीची अफवा दुसऱ्याच्या गोदामात शिरली म्हणजे काय होते, हे आपण मे २०२१ मध्ये वर्तमानपत्रांत वाचले. त्या प्रकरणाकडे मी शेवटी येणार आहे. पण तेथे पोहोचण्याआधी दगडाची ओळख झाली पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. अणुकेंद्र ट्रॉम्बेला आहे, त्या अर्थी ट्रॉम्बेच्या डोंगरात युरेनियम असलेच पाहिजे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. आपला हा डोंगर, किंबहुना सह्याद्रीचा बहुतेक सारा पसारा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्हापासून बनला. या काळ्या पाषाणाला भूवैज्ञानिक बेसाल्ट म्हणतात. बेसाल्टमध्ये युरेनियम फारच कमी. एक टन बेसाल्ट घेतला तर त्यात बहुधा एक ग्रॅमही भरत नाही. ग्रॅनाइटमध्ये त्याच्या कित्येक पट, टनाला तीनचार ग्रॅम, सापडते. आणि म्हणून अणुखनिजे शोधणारा माणूस जुन्या ग्रॅनाइटच्या, अभ्रकाच्या प्रदेशात हिंडतो. महाराष्ट्राच्या वाट्याला जो काही लहानसा साठा आला आहे तो पूर्व विदर्भातील जुन्या खडकांत. ट्रॉम्बेला जानेवारी १९५९ मध्ये युरेनियम धातूची पहिली लगड तयार झाली ती डोंगर खणून नव्हे. ट्रॉम्बे हे अणुखनिजाचे माहेर नाही, सासर आहे.

मग माहेर कोणते? युरेनियमचे म्हणाल तर आजच्या झारखंडातील जादुगुडा. तेथील धातुकाचा शोध १९५१ साली लागला. पण तेथेही हिरेमाणकांसारखे युरेनियमचे खडे वेचता येत नाहीत. टनभर खडक फोडून, दळून, आम्लात विरघळवून हाती येते ते अर्ध्या किलोच्या आसपास. थोरियमचे माहेर म्हणजे केरळ आणि तमिळनाडूचा किनारा. तेथल्या वाळूत मोनाझाइट नावाचे मधासारख्या पिवळ्या, तांबूस रंगाचे खनिज असते व त्यात आठनऊ टक्के थोरियम ऑक्साइड असते. या खनिजाच्या शोधाची हकिगत मोठी मौजेची आहे. १९०९ साली शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाने त्रावणकोराहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत हे चमकणारे कण पाहिले आणि त्यांचा माग काढीत तो मणवाळकुरिचीच्या किनाऱ्यावर पोहोचला. त्याला थोरियम कशाला हवे होते? गॅसबत्तीच्या मँटलसाठी! ज्या बत्तीच्या उजेडात आपल्याकडे वराती निघत आणि तमाशाचे फड रंगत, तिच्या पांढऱ्या जाळीत थोरियम असे. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, केरळात आलुवा येथे मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना निघाला, आणि १९५५ साली ट्रॉम्बेला थोरियमचा कारखाना सुरू झाला.

येथे कोकणातील मंडळी विचारतील की आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही काळी वाळू आहे, तिचे काय? ती काळी आहे ती इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजांमुळे. ही खनिजे आपल्याच काळ्या पाषाणाच्या झिजेतून आली. तिच्यात मोनाझाइट अत्यल्प. सारांश, वाळू काळी म्हणून ती किरणोत्सारी ठरत नाही, आणि केरळातील पिवळा कण दिसायला निरुपद्रवी म्हणून तो साधा ठरत नाही. रंगावरून पारख करणारा येथे पहिल्याच पायरीवर फसतो.

आता किरणोत्सार म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. युरेनियम, थोरियम अशा जड मूलद्रव्यांचे अणू आपोआप फुटतात आणि फुटताना कण व किरण बाहेर टाकतात. त्यांचे फुटणे अतिशय सावकाश चालते. युरेनियमचा निम्मा साठा संपायला सुमारे ४५० कोटी वर्षे लागतात, थोरियमचा संपायला १४०० कोटी. बाहेर पडणारे किरण तीन जातींचे. अल्फा कण हा जड पण आळशी पाहुणा आहे. तो कागदाने अडतो, आपल्या कातडीनेही अडतो. मात्र धुळीबरोबर तो फुप्फुसात शिरला तर मुक्काम ठोकतो आणि आसपासच्या पेशींची नासधूस करतो. बीटा कण अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने थांबतो. गॅमा किरण मात्र भिंतीतूनही जातो आणि त्याला अडवायला शिशाची जाड वीट लागते. ही तीन वाक्ये ध्यानात ठेवली म्हणजे पुढे सुरक्षिततेचे जे नियम मी सांगणार आहे ते पाठ करावे लागणार नाहीत. ते आपले आपणच सुचतील.

हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला कळत नाहीत. मग मनुष्याला त्यांचा पत्ता लागला कसा? १८९६ साली पॅरिसमध्ये आंरी बेकेरेल यांनी काळ्या कागदात गुंडाळलेल्या छायाचित्राच्या काचेवर युरेनियमचा क्षार ठेवला. आभाळ भरून आले होते, म्हणून त्यांनी सारे सामान खणात ठेवून दिले. काच धुऊन पाहिली तो अंधारातही तिच्यावर क्षाराची आकृती उमटलेली! पुढे दोन वर्षांनी मारी आणि पिएर क्यूरी यांना असे आढळले की पिचब्लेंड नावाचा डांबरासारखा काळा दगड, त्यात जेवढे युरेनियम आहे त्याच्या मानाने फाजील किरण टाकतो. हिशेब जुळेना, म्हणून त्यांनी शोध घेतला, आणि १८९८ साली पोलोनियम व रेडियम ही नवी मूलद्रव्ये हाती आली. कोळ्याच्या जाळ्यात नेहमीपेक्षा जास्त वजन लागले तर तो जाळे फेकून देत नाही, आत काय आहे ते पाहतो. क्यूरी दांपत्याने तेच केले.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण सांगतो. आनंद कुमारस्वामी हे नाव भारतीय कलेचे थोर अभ्यासक म्हणून आपणांस परिचित आहे. ते मूळचे भूवैज्ञानिक आणि सिलोनच्या खनिज पाहणी खात्याचे पहिले संचालक. १९०४ साली तेथील रत्नांच्या वाळूत सापडणाऱ्या काळ्या, जड, लहान घनाकृती स्फटिकांचे वर्णन त्यांनी प्रसिद्ध केले. प्रथम त्यांना ते युरेनिनाइट, म्हणजे पिचब्लेंडच्याच जातीचे, वाटले. पुढे लंडनमध्ये रासायनिक पृथक्करण झाले तेव्हा त्यात मुख्यतः थोरियम निघाले, आणि डन्स्टन यांनी त्या नव्या खनिजाला थोरियानाइट असे नाव दिले. हे जगातील दुर्मीळ किरणोत्सारी खनिजांपैकी एक. त्याच खनिजातून १९०५ साली ऑटो हान यांनी रेडियोथोरियम शोधून काढले. खडक पाहणे हेच ज्याचे काम होते त्याचाही डोळा जेथे चकला, तेथे तुमच्याआमच्या डोळ्यांचा काय पाड! कुमारस्वामींचा मोठेपणा हा की त्यांनी नमुना प्रयोगशाळेपर्यंत जाऊ दिला.

आता समजा, सुटीत आपण गावी गेलात, विदर्भात वा दक्षिणेत ग्रॅनाइटच्या टेकडीवर हिंडलात आणि एक काळा, जड दगड दिसला. पारख कशी करावी? मी क्रमाने सांगतो.

पहिली पायरी डोळ्यांची. युरेनिनाइट काळे असते, चमक डांबराची असते, आणि उघड्या हवेत त्याच्या अंगावर बहुधा पिवळे, नारिंगी किंवा हिरवे पूट चढलेले असते. बिहारात गया जिल्ह्यातील सिंगार येथे अभ्रकाच्या खाणीत पिचब्लेंडचे गोळे निघत. आत काळा गाभा आणि बाहेर पिवळे कवच, ही जोडी पाहिली म्हणजे सावध व्हावे. सावध व्हावे एवढेच. निर्णय देऊ नये.

दुसरी पायरी वजनाची. एक ताणकाटा, दोरा आणि पाण्याची बादली पुरे. दगड हवेत तोलावा, मग पाण्यात बुडवून तोलावा. हवेत ३०० ग्रॅम आणि पाण्यात २०० भरला तर तूट १०० ग्रॅमची. ३०० ला १०० ने भागले की विशिष्ट गुरुत्व आले ३. हा आपला नेहमीचा काळा पाषाण. तेवढ्याच वजनाच्या दगडाची तूट ४० ग्रॅमच आली तर विशिष्ट गुरुत्व साडेसात. युरेनिनाइटचे गुरुत्व साडेसहापासून दहापर्यंत असते, मोनाझाइटचे पाचच्या आसपास. पण येथेही घाई नको. शिशाचे धातुक गॅलिना साडेसातचेच आहे, कथिलाचे धातुक सातच्या जवळ आहे, वुल्फ्रॅमाइटही तसेच. शिवाय आपल्या भागात भट्टीतून निघालेली धातूची मळी जागोजाग पडलेली असते; तीही काळी, चकचकीत आणि जड.

तिसरी पायरी कसाची. सोनार सोने कसाला लावतो तद्वत खनिजही लावतात. झिलई नसलेल्या चिनीमातीच्या फरशीवर, म्हणजे घरातल्या टाइलच्या मागच्या बाजूवर, दगड किंचित घासावा आणि रेघेचा रंग पाहावा. युरेनिनाइटची रेघ तपकिरी-काळी, कथिलाच्या धातुकाची पांढुरकी, हेमाटाइटची लाल, मॅग्नेटाइटची शुद्ध काळी. एकच लहान रेघ ओढावी आणि ती लगेच ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. कारण घासणे म्हणजे धूळ करणे, आणि अल्फा कणाचे वाहन धूळ आहे हे आपण आताच पाहिले.

चौथी पायरी जंबुपार दिव्याची. हिच्यात सर्वांत जास्त माणसे फसतात. ऑट्युनाइट नावाचे पिवळे युरेनियम-खनिज जंबुपार प्रकाशात झळझळीत पोपटी दिसते, हे खरे. पण काळे युरेनिनाइट मुळीच चमकत नाही. उलट साधा कॅल्साइट आणि आपल्या सह्याद्रीच्या पोकळ्यांत सापडणारी कित्येक निरुपद्रवी खनिजे चमकतात. चमकणे हा प्रकाशाचा खेळ आहे. दिवा विझला की तोही विझतो. किरणोत्सार दिव्याची वाट पाहत नाही. अंधारात आपोआप उजळणारा दगड दाखवून कोणी पैसे मागू लागला तर आधी पाकीट सांभाळावे. मुंबईच्या उपनगरांतील जुन्या दगडखाणींत, विशेषतः कांदिवलीला, हिरवट प्रेहनाइट सापडत असे आणि खनिजसंग्राहकांत त्याची ख्याती आहे. तो हिरवा आहे म्हणून युरेनियमचा नव्हे.

पाचवी पायरी गणकाची. गायगर गणक नावाचे छोटे यंत्र आता विकत मिळते. किरण आला की ते टक्‌ असा आवाज करते. ते वापरण्याचीही रीत आहे. यंत्र लावल्याबरोबर, दगड जवळ नसतानाही, ते टकटक करू लागते, आणि अडाणी माणूस घाबरतो. ही टकटक आकाशातून येणाऱ्या किरणांची, जमिनीची, घराच्या भिंतींची. म्हणून आधी दगड दूर ठेवून दहा मिनिटे मोजावे, मग दगड जवळ ठेवून दहा मिनिटे मोजावे. दोनशेच्या जागी दोनशे पंधरा आले तर त्यावरून काहीच ठरत नाही. पुन्हा मोजाल तर एकशे नव्वदही येतील. दोनशेच्या जागी आठशे आले, पुन्हा मोजून आठशेच आले आणि दगड हलवताच उतरले, तर दगडात काही आहे. ते काही म्हणजे युरेनियम की थोरियम, हे साधे गणक सांगू शकत नाही. त्यासाठी गॅमा किरणांचा वर्णपट काढावा लागतो, आणि ती शेवटची, प्रयोगशाळेची पायरी होय.

पारख झाली, आता गोळा करण्याविषयी. येथे दोन टोकांची माणसे भेटतात. एक म्हणतो, दगडाला काय भ्यायचे? दुसरा दगड पाहताच पळत सुटतो. दोघांसाठी एकेक दाखला देतो.

न भिणाऱ्यासाठी बेकेरेल यांचाच दाखला. १९०१ साली त्यांनी रेडियमची नळी बंडीच्या खिशात बाळगली आणि त्या जागी कातडी भाजली. शोध लावणाऱ्यालाही सूट मिळाली नाही. याहून मोठा दाखला मध्य युरोपातील श्नेबेर्ग आणि योआखिम्स्टाल येथील खाणकामगारांचा. शतकानुशतके ते छातीच्या एका रोगाने मरत. तो फुप्फुसाचा कर्करोग आहे हे १८७९ साली दोन डॉक्टरांनी दाखवले, आणि त्याचे कारण रेडॉन हा किरणोत्सारी वायू, हे त्यानंतर पुष्कळ वर्षांनी पक्के झाले. युरेनियमपासून कालांतराने रेडियम होते, रेडियमपासून रेडॉन होतो, आणि कोंदट बोगद्यात तो साचून राहतो. खाणीतील त्या माणसांना दगडाने मारले नाही; कोंडलेल्या हवेने आणि धुळीने मारले.

पळणाऱ्यासाठी दाखला केरळातील करुनागपल्लीचा. तेथे मोनाझाइटच्या वाळूवरच पिढ्यान्‌पिढ्या वस्ती आहे. सुमारे सत्तर हजार रहिवाशांची दीर्घकाळ पाहणी करून २००९ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. खनिजाचा लहान तुकडा टेबलावर दिसला म्हणून कोणाचे आयुष्य संपत नाही. भीती मोजून बाळगावी.

या दोन दाखल्यांमधून नियम निघतात. दगड खिशात ठेवू नये आणि उशाशी ठेवू नये, कारण अंतर हीच सर्वांत स्वस्त ढाल आहे. लहान तुकडा असला तर अंतर दुप्पट केले की किरणांचा मारा चौथ्या हिश्शावर येतो. दगड फोडू नये, दळू नये, कोरडा घासू नये. हाताळताना हातमोजे घालावेत, काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि तोवर विडी, पान, तंबाखू, चहा काही तोंडाला लावू नये. दगड चाखून पाहण्याची खोड असलेले काही जुने संग्राहक असतात. त्यांनी येथे जिभेला आवर घालावा. युरेनियम मूत्रपिंडाला विषासारखे बाधते, आणि त्याचा किरणांशी संबंध नाही. नमुना घेणे अपरिहार्यच असेल तर बोराएवढा घ्यावा, झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवावा, आणि वर जागा, तारीख, खडकाचा प्रकार लिहिलेली चिठ्ठी लावावी. बाटली बंद कपाटात कोंडू नये. वारा खेळता असलेल्या, मुलांचा हात न पोहोचणाऱ्या जागी ठेवावी, म्हणजे रेडॉन साचत नाही. ज्या घरात एकच खोली आहे, आणि आपल्याकडे तशी घरे बहुसंख्य आहेत, त्या घरात असा दगड आणूच नये. छायाचित्र आणि जागेची नीट नोंद हा त्याहून चांगला संग्रह.

आणखी एक नियम कायद्याचा. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या चौथ्या कलमात असे होते की देशात कोठेही युरेनियम वा थोरियम सापडल्याचे ज्याला कळले त्याने तीन महिन्यांत सरकारला लेखी कळवावे. कायदे बदलतात, कलमांचे आकडे बदलतात. पण सरकारच्या परवानगीवाचून युरेनियमचा व्यापार करता येत नाही, ही गोष्ट तशीच आहे. कळवायचे कोठे? अणुखनिजे शोधण्यासाठी १९४९ साली एक लहानसे पथक स्थापन झाले. भूवैज्ञानिक दाराशा वाडिया यांनी त्या कामाचा पाया घातला. तेच आज अणुखनिज अन्वेषण व संशोधन संचालनालय म्हणून हैदराबादहून काम करते, आणि नागपूरला त्याचे विभागीय कार्यालय आहे. एक पत्र, एक नकाशा, एक छायाचित्र एवढे पुरते.

आता मे २०२१ च्या प्रकरणाकडे येतो. महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने सात किलोंहून थोडे अधिक युरेनियम जप्त केले आणि दोघांना अटक केली. त्यातील एक धागा मानखुर्दच्या भंगाराच्या धंद्यापर्यंत जात असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. भाभा केंद्राने पदार्थ तपासून तो नैसर्गिक युरेनियम असल्याचे सांगितले. किंमत छापून आली एकवीस कोटी रुपये. कोण दोषी, कोण निर्दोष, हे सांगण्याचे व्यासपीठ हे नव्हे. मी फक्त त्या एकवीस कोटींचा हिशेब करणार आहे.

युरेनियमचा भाव जगाच्या बाजारात ऑक्साइडच्या पौंडावर ठरतो, आणि त्या वर्षी तो पौंडाला तीस डॉलरच्या आसपास होता. सात किलो युरेनियमचे ऑक्साइड सव्वाआठ किलो, म्हणजे अठरा पौंड धरा. अठरा गुणिले तीस म्हणजे ५४० डॉलर; त्या वेळच्या दराने चाळीस हजार रुपये! धातूच्या घडणावळीचे आणखी काही धरा. कोठे चाळीस हजार आणि कोठे एकवीस कोटी? आणि ते चाळीस हजारही ज्याच्याकडे परवाना आहे त्याला. इतराला एक रुपयासुद्धा नाही, वर तुरुंग. योगायोग पाहा, डॉलर हा शब्दच योआखिम्स्टालच्या चांदीच्या नाण्यावरून, थालरवरून, आला. ज्या खाणींनी जगाला युरेनियमची ओळख करून दिली त्यांनीच डॉलरला नाव दिले, आणि आजही अणूच्या नावाने डॉलरची स्वप्ने विकली जातात.

पुढच्याच महिन्यात झारखंडात बोकारोला ‘युरेनियम’ म्हणून सहा किलोंहून अधिक माल जप्त झाला. प्रयोगशाळेने सांगितले की तो युरेनियम नव्हता आणि किरणोत्सारीही नव्हता. कोणी तांदूळ ओढणारे ‘किरणोत्सारी’ भांडे विकतो, त्याला राईस पुलर म्हणतात. कोणी कॅलिफोर्नियमचा दगड विकतो. वास्तविक कॅलिफोर्नियम १९५० साली अमेरिकेत माणसाने तयार केला, कोणत्याही खाणीतून तो दगडाच्या रूपाने निघत नाही. या सगळ्या फसवणुकींचे भांडवल एकच: माल तपासायला देता येत नाही, गुपचूप घ्या. म्हणून पारखीचा सर्वांत सोपा नियम असा की जो दगड तपासणीला भितो, तो खोटा समजावा. खरा दगड गणकासमोर ठेवायला त्याच्या धन्याला लाज वाटत नाही.

जाता जाता भंगाराच्या धंद्यातील बंधूंसाठी एक इशारा. खनिज सावकाश बाधते. माणसाने तयार केलेला किरणोत्सारी स्रोत तसा नसतो. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भागात, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात निघालेले एक जुने यंत्र भंगारात आले. त्याच्या आत कोबाल्ट-६० होते. ते उघडले गेले; कित्येकजण आजारी पडले, एक कामगार दगावला. त्यातल्या कोणाचाही हेतू वाईट नव्हता. त्यांना कोणी सांगितले नव्हते, एवढेच. तेव्हा आपण ऐकून ठेवा आणि गोदामातल्या पोराला सांगा: लहान असून नको इतके जड असलेले बंद भांडे, किंवा पिवळ्या पाटीवर तीन पात्यांचे चिन्ह दिसले, तर ते कापू नये, तापवू नये, हातात घेऊन पाहू नये. दूर व्हावे, इतरांना दूर करावे आणि ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. अशा गोष्टींवर देखरेख करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले, आणि त्याचे कार्यालय आपल्या अणुशक्तीनगरातच आहे. कळवणाऱ्याचा वेळ जाईल. न कळवणाऱ्याचा जीव जाईल.

आपल्या भागातील माणूस हाताने पारख करण्यात कोणाला हार जाणारा नाही. तांबे कोणते, पितळ कोणते, हे तो आवाजावरून सांगतो. त्याच्या या विद्येत आजच्या व्याख्यानाने एका ओळीची भर पडावी, एवढीच माझी इच्छा: काही माल असा असतो की त्याची पारख हाताने करायची नसते, मोजून करायची असते, आणि मोजण्याचे साधन आपल्याजवळ नसेल तर ज्याच्याजवळ आहे त्याला बोलवायचे असते. तो फार लांब राहत नाही.